तीन तोळे आणि पस्तीस दिवस

अहमदनगरच्या निजामशहाच्या पदरी एक चिटणीस होता. मूळचा खुरासानचा, विद्वान, लिहिण्यात वाकबगार. तो रोज तीन तोळे अफू खायचा, कधी त्याहूनही जास्त. सदा पेंगलेला दिसायचा, पण कामाचं विचारलं की शहाण्यासुरत्या माणसासारखं नीट बोलायचा. ही नोंद आहे गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याची. औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. बुऱ्हाण निजामशहावर तो स्वतः उपचार करत असे, त्यामुळे या चिटणिसाला त्याने जवळून पाहिलं होतं.

तीन तोळे म्हणजे जवळजवळ ३५ ग्रॅम. अफूची कधीच सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबायला याचा दहावा हिस्साही पुरू शकतो. चिटणीस मात्र एवढी मात्रा घेऊन दरबाराची पत्रं लिहीत होता. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: त्याला अफू ‘पचत’ होती. पचवण्याची ही ताकद जन्माने मिळत नाही आणि ती कायम टिकतही नाही. रोज घेता घेता ती चढते, आणि घेणं थांबलं की थोड्याच दिवसांत उतरू लागते. समजा, हाच चिटणीस काही कारणाने महिनाभर अफूविना राहिला असता आणि नंतर एका सकाळी त्याने जुन्या सवयीने तीन तोळे तोंडात टाकले असते, तर तो दरबारापर्यंत पोचला नसता.

अफू, हेरॉइन किंवा त्यांच्या जातीच्या गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी उपचार घेणाऱ्यांपैकी कोण पुढे जास्त मात्रेने दगावेल, हे आधीच ओळखता येईल का, या प्रश्नावर आज जगभरात संगणक राबत आहेत. प्रश्न नवा वाटतो, पण त्याची पाळंमुळं जुनी आहेत आणि त्यातली काही थेट जुन्नर-आंबेगावच्या वाटांवर सापडतात.

पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात ते आळेफाटा. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात, त्या रेड्याची समाधी असलेलं आळे गाव इथून अगदी जवळ. फाट्यावरून पश्चिमेला निघालं की ओतूर, पुढे मढ आणि माळशेज घाट. पूर्वेला बेल्हे, टाकळी ढोकेश्वर आणि शेवटी अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती १४९० मध्ये, जुन्नरला. नगर शहर त्यानंतर वसलं. तेव्हा तो पेंगणारा चिटणीस ज्या राज्याचा नोकर होता, त्याची पहिली राजधानी आळेफाट्याहून तासाभराच्या अंतरावर आहे.

जुन्नरचं औषधांशी नातं पुढच्या काळातही दिसतं. एकोणिसाव्या शतकात पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग होती आणि तिचीच एक शाखा जुन्नरजवळ हिवऱ्याला. १८३८ पासून या बागांचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होता. पुढे तेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. हिवऱ्याला सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती लावल्या जात, त्यांची औषधं तयार होत आणि मुंबईच्या सरकारी औषध भांडारात जात. इंग्लंडहून येणारी महाग औषधं इथल्याच मातीत पिकवायची, हा हेतू.

अफू मात्र इथली नव्हती. ती माळव्यातून यायची. माळवा संस्थानिकांचा मुलूख, तिथे कंपनीची मक्तेदारी चालेना. तेव्हा १८३०च्या सुमाराला कंपनीने वेगळी युक्ती काढली. अफू कोणीही मुंबईला आणावी, फक्त पेटीमागे परवान्याचे पैसे भरावेत. एका पेटीत साधारण १४० पौंड अफू. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या हाती गेला, कराचीवरून होणारी चोरटी वाट बंद झाली आणि परवान्याचे दर झपाट्याने चढले. १८४५ मध्ये पेटीला ३०० रुपये, दोन वर्षांनी ४००. मुंबई बंदरातून हा माल चीनला जाई. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. डेव्हिड ससून यांच्या पेढीच्या संपत्तीतही. मुंबईचं जे. जे. रुग्णालय आणि पुण्याचं ससून ही त्यांच्या दानातून उभी राहिलेली रुग्णालयं. जुन्नर आणि आंबेगावचा गरीब रुग्ण दीडशे वर्षं ज्या ससूनच्या पायऱ्या चढत आला, त्याच्या दगडांत माळव्याच्या खसखशीच्या बोंडांचाही पैसा आहे. हे सांगताना त्या दात्यांना आजच्या कायद्याच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्यांच्या काळी हा व्यापार उजळ माथ्याने, सरकारी परवान्याने चालत होता. पण परवान्याच्या त्या वह्यांत पेट्या मोजल्या गेल्या, माणसं नाही. अफूची मोजदाद पेटीपासून सुरू झाली, हे विसरता येत नाही.

माणसाच्या बाजूने हिशेब पहिल्यांदा मांडला तो वैद्यांनी नव्हे, विमा कंपन्यांनी. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली अर्ल ऑफ मार वारले. त्यांच्या आयुष्याचा विमा होता, पण ते अनेक वर्षं अफूचा अर्क घेत होते आणि हे लपवलं होतं, असं म्हणत विमावाल्यांनी पैसे द्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं. त्यातूनच एडिंबरोचे विषवैद्य रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८३२ मध्ये एक साधा प्रश्न घेऊन अफू खाणाऱ्यांची माहिती गोळा केली: अफूने आयुष्य किती कमी होतं? त्यांना अपेक्षित असं सरळ उत्तर मिळालं नाही. वर्षानुवर्षं अफू खाऊन म्हातारे झालेले लोक त्यांना भेटले.

साठ वर्षांनी हाच प्रश्न मुंबईत विचारला गेला. ब्रिटिश पार्लमेंटातल्या अफूविरोधी सदस्यांच्या रेट्यामुळे १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूवर रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याचे दोन हिंदी सदस्य होते: दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई. कमिशनने देशभर फिरून सातशेहून अधिक साक्षी घेतल्या. विमा कंपन्यांचे लोकही साक्षीला आले. बेताने अफू खाणाऱ्याकडून आम्ही जादा हप्ता घेत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. सरकारला हवं ते मिळालं. १८९५ च्या अहवालात बहुमताने म्हटलं की हिंदुस्थानात अफूचा वापर बहुतांशी बेताचा आहे आणि बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या एकट्या सदस्याने विरोधी मत नोंदवलं.

कमिशनला फसवं म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण विमावाल्यांच्या त्या उत्तरात एक निरीक्षण खरं होतं. रोज तेवढीच, ठरलेल्या वेळी, सरकारी दुकानातली एकाच प्रतीची अफू खाणारा माणूस अचानक मरत नाही. त्याचं शरीर मात्रेशी जुळलेलं असतं. त्यांनी विचारला नाही तो पुढचा प्रश्न: ही सरळ रेषा तुटली तर? गोळी मिळाली नाही, तुरुंगात जावं लागलं, आजारपणात खंड पडला आणि नंतर पुन्हा सुरू झालं तर? कमिशनच्या सात खंडांत साक्षींचा डोंगर आहे, पण खंड पडलेल्या माणसाची वेगळी गणती नाही.

आणि एक गिऱ्हाईक असं होतं, ज्याला बेत म्हणजे काय हे कळायचं वयच नव्हतं. तान्हं बाळ. मुंबईत ‘बाळागोळी’ नावाने अफू घातलेल्या गोळ्या मिळत. अफूची गोळी देणं हा वाक्प्रचार आज आपण राजकारणावर बोलताना वापरतो, पण आपल्या पणज्यांसाठी ती रोजच्या घरकामातली गोष्ट होती. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायांची आणि त्यांच्या बाळंतपणांची पाहणी केली. त्यांच्या अहवालात शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असं आलं. हा आकडा पुढे अफूविरोधी चळवळीत सतत उद्धृत झाला.

या आकड्यामागची आई क्रूर नव्हती. ती दहा-अकरा तास साच्यावर उभी असे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बाळाला पाहणारं कोणी नसे, किंवा असली तर आठ वर्षांची बहीण. घाटावरून मुंबईला गेलेल्या कुटुंबांत जुन्नर, आंबेगाव, खेडची किती तरी घरं होती. मुंबईचे डबेवाले याच पट्ट्यातले. गावी आजी, चुलती, शेजारीण बाळाला सांभाळायची, ती मुंबईत नव्हती. तिच्या जागी गोळी आली. बाळ निजलेलं राहायचं. ते निजलंय की त्याचा श्वास मंदावलाय, हे ओळखणारं कोणी खोलीत नसायचं. आज वैद्यक ज्याला अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेचं मुख्य लक्षण म्हणतं, तेच हे: मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र सुस्तावतं, श्वास उथळ आणि विरळ होतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती गाढ झोप वाटते.

त्याच दशकात राष्ट्रसंघाने जगातल्या अफूला पट्टी लावली. औषधासाठी खरोखर किती अफू लागते? उत्तर ठरलं: दर १० हजार लोकसंख्येला वर्षाला सुमारे ६ शेर. ज्या जिल्ह्यात खप याहून फार जास्त, तो जिल्हा नकाशावरचा ‘काळा ठिपका’. हिंदुस्थान सरकारनेही अशा ठिपक्यांची चौकशी करायला प्रांतोप्रांती समित्या नेमल्या. जोखमीचा अंदाज बांधण्याचा हा पहिला मोठा सरकारी प्रयत्न म्हणायला हवा, आणि त्याची मर्यादाही उघड होती. ठिपका जिल्ह्याला लागत होता. त्या जिल्ह्यातला कोणता माणूस उद्या मरणार आहे, हे सहा शेरांच्या पट्टीवर वाचता येत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर देशाने जे केलं ते आजच्या डॉक्टरांनाही विचार करायला लावेल असं आहे. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरलं की औषधाव्यतिरिक्तचा अफूचा पुरवठा दरवर्षी दहा-दहा टक्क्यांनी उतरवत दहा वर्षांत शून्यावर आणायचा. ३१ मार्च १९५९ ही शेवटची तारीख. नोंदलेल्या जुन्या व्यसनींना परवान्यावर मिळणारी अफूही अशीच कमी होत जाणार होती. एका अर्थी अख्ख्या देशाची मात्रा हळूहळू उतरवली गेली. माणसाची सवय तोडायची तर ती पायरीपायरीने, हे त्या आराखड्यात कुठेतरी गृहीत होतं. १९५९ नंतर सरकारी दुकानातली अफू संपली. वीसेक वर्षं शहरांतली चर्चा दारूभोवती फिरत राहिली.

मग गर्द आली.

अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सीमेवरून निघालेली अशुद्ध हेरॉइन, तपकिरी रंगाची म्हणून ब्राऊन शुगर, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पसरली आणि बघता बघता पुण्यात पोचली. चांदीच्या कागदावर पुडी टाकायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. मराठीने तिला गर्द हे नाव दिलं आणि ओढणाऱ्याला गर्दुल्ला. वेळ चुकली की अंग मोडून यायचं, नाक-डोळे वाहायचे, पोटात मुरडा, हाडांत कळा. याला पोरं ‘टर्की’ म्हणायची. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कडक कायदा लागू झाला. पुडी बाळगणाऱ्याला तुरुंग मिळू लागला. उपचाराची दारं फार थोडी होती.

आळेफाट्याहून माळशेजच्या दिशेने थोड्याच अंतरावर ओतूर आहे. तिथे २६ ऑगस्ट १९४४ रोजी अनिल अवचट यांचा जन्म झाला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून, म्हणजे ससूनच्या आवारातून, ते डॉक्टर झाले. पण त्यांनी दवाखाना थाटला नाही. ते लोकांमध्ये फिरून लिहीत राहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, सगळ्यांच्या सुनंदाताई, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ओळखीच्या घरातला एक मुलगा गर्दच्या नादी लागला, त्यातून अवचट या विषयात शिरले. ते गर्दुल्ल्यांना भेटले, त्यांच्या आयांशी बोलले आणि त्यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या प्रतिष्ठानने एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

मुक्तांगणात व्यसनी माणसाला गुन्हेगार मानलं गेलं नाही. त्याला ‘रुग्णमित्र’ म्हटलं गेलं. एका शब्दाने किती फरक पडतो, हे ज्याने घरातल्या माणसाला गर्दुल्ला म्हणवून घेताना पाहिलं आहे त्याला विचारावं. उपचाराचा मुक्काम पस्तीस दिवसांचा. आधी टर्कीचे दिवस औषधांच्या आधाराने काढायचे, मग दिवसभराची शिस्त, गटात बसून बोलणं, व्यायाम, काम. रुग्णांच्या बायकांसाठी वेगळा ‘सहचरी’ गट. व्यसनातून बाहेर पडलेले काही जण तिथेच समुपदेशक झाले. १९९७ मध्ये सुनंदाताई गेल्या, २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट गेले. काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आणि सहकारी चालवत आहेत.

मुक्तांगणाचा सर्वांत मोठा धडा पस्तीस दिवसांच्या आत नाही, छत्तिसाव्या दिवसात आहे. माणूस घरी गेला की पाठपुरावा सुरू होतो. पुन्हा घेतली तर त्याला हाकलायचं नाही, परत बोलवायचं. मराठीत आता ‘स्लिप झाली’ हा वाक्प्रचारच रूढ झाला आहे: घसरला, पण उठून येऊ शकतो. दारूच्या रुग्णासाठी ही घसरण बहुधा लाजेची आणि दुःखाची असते. अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या रुग्णासाठी ती जिवाची असू शकते, कारण त्याची पचवण्याची ताकद तोवर उतरलेली असते. तो पुडी घेतो ती पूर्वीच्या मापाने. शरीर नवख्याचं झालेलं असतं. हे कोणत्या एका केंद्राबद्दलचं विधान नाही. जिथे जिथे रुग्णाला आत ठेवून पूर्ण सोडवलं जातं, तिथे तिथे हे खरं आहे, आणि उपचार यशस्वी झाल्यावर जास्त खरं आहे.

लंडनमध्ये जॉन स्ट्रँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे आकड्यांत दाखवलं. त्यांनी अफूजन्य व्यसनासाठी दाखल झालेल्या १३७ जणांचा माग काढला. त्यातले ३७ जण पूर्ण उपचार घेऊन कोरडे होऊन बाहेर पडले होते. बाकीचे मध्येच निघून गेले होते किंवा थोडेच दिवस राहिले होते. वर्षभरात पाच जण वारले, आणि पाचही जण उपचार पूर्ण करणाऱ्या त्या ३७ जणांतले. तिघे तर चार महिन्यांच्या आत, अतिमात्रेने. संख्या लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण तुरुंगांतून आलेलं चित्र याच दिशेचं होतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजार जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. २०१७ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा मेथाडोनच्या उपचारात असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ११ मृत्यू आणि उपचार सुटल्यावर ३६, असं दिसलं. सर्वांत वाईट काळ उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही सोडवण्याची नव्हे, सांभाळण्याची औषधं. रोज ठरलेली मात्रा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, म्हणजे टर्कीही नाही आणि कैफही नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी १९६०च्या दशकात मेथाडोनने याची सुरुवात केली. भारतात २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने सुईने नशा करणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रं वाढवली. ती बहुतेक शहरांत आहेत. नाशिक रस्त्यावरच्या गावातल्या माणसाला रोज औषधासाठी शहर गाठणं म्हणजे रोजची मजुरी बुडवणं.

आता अंदाजाच्या यंत्रांकडे. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत रुग्णाच्या नोंदींवरून अतिमात्रेचा धोका मोजणाऱ्या गुणपट्ट्या तयार झाल्या, पुढे संगणकाला हजारो नोंदी शिकवून प्रारूपं बांधली गेली. त्यांना जे सापडतं त्यात धक्कादायक थोडंच असतं. आधी कधी अतिमात्रा झालेली असणं, सुईने घेणं, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणं, श्वसनाचा किंवा यकृताचा आजार, नैराश्य, एकट्याने नशा करणं, तुरुंगातून किंवा रुग्णालयातून नुकतंच बाहेर पडणं, उपचार अर्ध्यात सोडणं. अनुभवी समुपदेशक यातलं बहुतेक बोटांवर सांगेल.

अडचण दुसरीकडे आहे. समजा, एका वर्षात उपचार घेणाऱ्या हजार जणांपैकी दहा जणांना जीवघेणी अतिमात्रा होणार आहे. एक चांगली गुणपट्टी त्यातले आठ पकडते, पण सोबत आणखी दोनशे जणांना चुकून ‘धोक्यात’ म्हणते. म्हणजे लाल खूण लागलेल्या २०८ जणांमध्ये खरे धोक्यातले आठच. उरलेल्या दोनशे जणांचं काय करायचं? जर लाल खुणेचा अर्थ अधिक फोन, अधिक भेटी, घरच्यांना शिकवणं असा असेल, तर चूक कोणाचंच नुकसान करत नाही. पण जर लाल खूण लागली म्हणून एखाद्या केंद्राने रुग्णाला औषध नाकारलं किंवा दारातूनच परत पाठवलं, तर तीच खूण त्याला मारते, कारण उपचाराबाहेर पडणं हाच सर्वांत मोठा धोका आहे. खूण लागल्यावर माणूस आत येतो की बाहेर ढकलला जातो, यावरच त्या सगळ्या गणिताची किंमत ठरते, असं या लेखकाला ठामपणे वाटतं.

शिवाय अमेरिकेचं गणित इथे जसंच्या तसं लावता येत नाही. तिथे फेंटानिल या कृत्रिम अफूजन्य द्रव्याने सगळा बाजार बदलला आहे. आपल्याकडे ब्राऊन शुगर, अफू आणि औषधाच्या दुकानातल्या गोळ्या-सिरपं असं मिश्रण आहे. वेदनाशामक म्हणून सर्रास मिळणारं ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सव्वादोन कोटींच्या वर लोक अफूजन्य द्रव्यं घेतात आणि त्यातल्या ७७ लाखांना मदतीची गरज आहे. ज्या मोजक्या राज्यांत यातल्या निम्म्याहून जास्त गरजूंची वस्ती आहे, त्यांत महाराष्ट्र आहे. आणि इथल्या मृत्यूंच्या नोंदी विरळ आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत अतिमात्रेचे मृत्यू दरवर्षी काही शे एवढेच दिसतात. खेड्यात तरुण मुलगा रात्री झोपेत गेला तर घरचे ‘हार्ट अटॅक’ म्हणतात, आणि गावही त्यापुढे विचारत नाही. जिथे मृत्यूच नीट मोजला जात नाही, तिथे संगणक शिकणार कशावरून?

तेव्हा आळेफाट्यासारख्या ठिकाणी अंदाज बांधायचं काम यंत्राआधी माणसांकडेच येतं. पुण्याच्या केंद्रातून सुटलेला मुलगा नाशिककडे जाणाऱ्या एसटीत बसतो, तीन तासांत फाट्यावर उतरतो. कांद्याच्या लिलावाला आलेले टेम्पो, मुंबईकडे जाणारे ट्रक, जुने मित्र, सगळं तिथेच असतं. त्या दिवशी घरात पुरणपोळी असते. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. खरं तर पहिला महिना आता सुरू होतो. केंद्राने सुटण्याआधीच घरच्यांना बसवून हे सांगायला हवं, आणि नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात कोणाकडे जायचं हेही.

उताराही आहे. १९६१ साली पेटंट घेतलेलं नॅलोक्सोन हे औषध अफूजन्य द्रव्याला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून हुसकावतं आणि थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत आणतं. बऱ्याच देशांत ते नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात रुग्णाच्या घरी दिलं जातं. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शन म्हणून रुग्णालयात असतं. त्याचा असर तासाभरात ओसरतो, पोटातली किंवा रक्तातली नशा त्याहून जास्त टिकू शकते, म्हणून माणूस उठून बसला तरी त्याला लगेच घरी न्यायचं नसतं. हे इंजेक्शन महामार्गावरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक रुग्णवाहिकेत हाताशी असावं, एवढी मागणी कोणत्याही प्रारूपाची वाट न पाहता करता येते.

आणि तोपर्यंत, घरच्यांनी एक गोष्ट ओळखायला शिकायची असते. रात्री मुलगा जेवून लवकर झोपलाय. घोरतोय, पण नेहमीसारखं नाही, घशात पाणी खळखळल्यासारखं. मध्ये मोठी विश्रांती, मग एक श्वास. ओठ निळसर पडलेले, बुबुळांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. आई म्हणते, दमलाय, झोपू द्या. शंभर वर्षांपूर्वी चाळीत बाळ असंच निजलेलं असायचं, आणि आई साच्यावर असायची. इथे आई खोलीतच आहे. तिने त्याला हलवायचं, नावाने हाक मारायची. उत्तर आलं नाही तर कुशीवर वळवायचं, मान किंचित मागे, तोंडात काही अडकलंय का पाहायचं, आणि १०८ ला फोन लावून सांगायचं की श्वास मिनिटाला किती येतोय, शेवटचं काय आणि केव्हा घेतलं, आणि उपचार संपून किती दिवस झालेत.